संशोधनाची चित्रे आणि त्यांखालच्या ओळी : एका विद्यापीठीय स्पर्धेचे परीक्षण

विद्यापीठात चालणारे संशोधन बाहेरच्या माणसापर्यंत पोहोचते ते बहुधा बातमीतून, आणि बातमीपर्यंत पोहोचताना त्यातले काम गळून जाऊन निष्कर्ष तेवढा शिल्लक राहिलेला असतो. संशोधकांकडूनच त्यांच्या रोजच्या कामातून निघालेली चित्रे मागवायची, त्यांतली निवडक चित्रे मोठ्या आकारात छापून भिंतीवर लावायची आणि प्रत्येक चित्राखाली कोणालाही कळेल असे छोटे टिपण द्यायचे, ही कल्पना त्यामुळेच स्वागतार्ह आहे. अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठाने २००५ मध्ये ‘आर्ट ऑफ सायन्स’ या नावाने असे प्रदर्शन भरवले, वेल्समधील स्वान्सी विद्यापीठात २००९ पासून ‘रिसर्च अ‍ॅज आर्ट’ ही स्पर्धा होऊ लागली, आणि त्यानंतर हा प्रकार अनेक विद्यापीठांनी आपलासा केला. अशाच एका विद्यापीठाच्या यंदाच्या स्पर्धेचे प्रदर्शन मी सावकाश पाहिले, त्याचे हे परीक्षण. विद्यापीठाचे नाव मुद्दाम घेत नाही, कारण पुढे ज्या तक्रारी करणार आहे त्या एका संस्थेपुरत्या नाहीत. स्पर्धेची घडणच अशी आहे की त्या बहुतेक ठिकाणी लागू पडाव्यात.

नियमावली थोडक्यात अशी आहे. कोणत्याही विद्याशाखेतील संशोधक विद्यार्थ्याला किंवा प्राध्यापकाला भाग घेता येतो, चित्र स्वतःच्या संशोधनातूनच आलेले असावे लागते आणि सोबत दीडशे शब्दांपर्यंतचे टिपण द्यावे लागते. कृत्रिम बुद्धिमत्तेकडून तयार करून घेतलेल्या चित्रांना यंदा स्पष्ट मनाई होती आणि ती योग्यच आहे, कारण अशा चित्रामागे निरीक्षण नसते. पहिली तीन पारितोषिके, काही उत्तेजनार्थ आणि प्रेक्षकांच्या मतांवर दिले जाणारे लोकपसंतीचे एक, अशी बक्षिसांची रचना आहे. प्रदर्शन विद्यापीठाच्या ग्रंथालयातच मांडले असल्यामुळे अभ्यासाला आलेली मुलेही जाता-येता थबकतात, ही जागेची निवड मला फार आवडली.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. या स्पर्धेतील प्रवेशिका म्हणजे नुसते चित्र नव्हे; चित्र आणि टिपण मिळून एक प्रवेशिका होते, असे नियमावलीच सांगते. परीक्षकांनी मात्र बक्षिसे दिली आहेत ती चित्रांना. टिपण वाचून निर्णय फिरला असावा असे एकाही पारितोषिकाच्या बाबतीत दिसत नाही. पहिल्या पारितोषिकाच्या चित्रापासूनच हे जाणवू लागते.

ते चित्र इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून घेतलेले आहे. काचेच्या पट्टीवर वाढवलेल्या झिंक ऑक्साइडच्या स्फटिकांचे झुपके त्यात आहेत आणि ते हुबेहूब फुलांसारखे दिसतात. पाकळ्यांना नारिंगी रंग, मधल्या भागाला पिवळा आणि मागच्या पृष्ठभागाला पानांची आठवण करून देणारा हिरवा. पाच पावलांवरून चित्र अतिशय देखणे आहे, आणि जवळ गेल्यावर तर अधिकच देखणे होते, कारण प्रत्येक ‘पाकळी’ ही खरे तर एक षट्कोनी कांडी आहे आणि तिच्या टोकाचे सहाही कोपरे स्वच्छ मोजता येतात. झिंक ऑक्साइडच्या स्फटिकाची आतली मांडणीच तशी असते. एका बीजापासून चहूकडे कांड्या वाढत गेल्या की फूल तयार होते. पाहण्यासारखे आहे ते हे. टिपणात मात्र यातले काहीच नाही. ‘निसर्गाचे अदृश्य उद्यान’ एवढे म्हणून लेखक थेट सौरघटांच्या उपयुक्ततेकडे वळला आहे.

रंगांचे तर नावच नाही. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या चित्राला मुळात रंग नसतो. निर्वात कक्षात नमुन्यावरून इलेक्ट्रॉनांचा बारीक झोत ओळीओळीने फिरवतात, प्रत्येक बिंदूवरून किती इलेक्ट्रॉन उसळून आले ते मोजतात, आणि त्या मोजणीप्रमाणे पडद्यावरचा तो बिंदू उजळ किंवा काळोखा करतात. प्रकाश त्यात कुठे येतच नाही, त्यामुळे हाती लागते ते करड्या छटांचे चित्र. नारिंगी, पिवळा आणि हिरवा हे रंग स्पर्धकाने संगणकावर भरलेले आहेत. झिंक ऑक्साइड ही प्रत्यक्षात पांढरी भुकटी आहे. रंग भरू नयेत असे माझे म्हणणे नाही, पण ते भरले आहेत हे सांगायला चार शब्द पुरले असते, आणि ते नसल्यामुळे माझ्या शेजारी उभ्या असलेल्या दोन मुली हे स्फटिक खरोखरच नारिंगी असतात असे समजून पुढे गेल्या.

कृत्रिम रंग अप्रामाणिक नसतात, याचे सगळ्यांनी पाहिलेले उदाहरण म्हणजे हबल दुर्बिणीने १९९५ मध्ये टिपलेले गरुड तेजोमेघातील धूलिस्तंभ. त्यात गंधकाच्या आयनांचा प्रकाश लाल, हायड्रोजनचा हिरवा आणि ऑक्सिजनच्या आयनांचा निळा दाखवलेला आहे. हायड्रोजनचा तो प्रकाश डोळ्यांना दिसला असता तर लालच दिसला असता, गंधकाचाही लालच. दोन्ही लाल एकमेकांत मिसळून जाऊ नयेत म्हणून एकाला हिरवा दिला. म्हणजे रंग डोळ्यांच्या दृष्टीने चुकीचा असला तरी त्याला अर्थ आहे: हिरवे दिसते तिथे हायड्रोजन आहे असे बोट ठेवून सांगता येते. आपल्या विजेत्या चित्रातल्या नारिंगीवर बोट ठेवून काय सांगणार? तो तेवढा शोभेसाठी आहे.

दुसऱ्या पारितोषिकाच्या चित्रासमोर मी सर्वांत अधिक वेळ उभा राहिलो, आणि माझ्या मते पहिला क्रमांक त्याचा होता. गॅब्रो नावाच्या अग्निजन्य खडकाची चकती घासून घासून ०.०३ मिलिमीटर जाडीची केली की तिच्यातून प्रकाश आरपार जाऊ लागतो. ही चकती एकमेकांशी काटकोनात ठेवलेल्या दोन ध्रुवकांच्या, म्हणजे प्रकाशाची एकाच दिशेतली कंपने पुढे जाऊ देणाऱ्या गाळण्यांच्या, मध्ये ठेवली, की एरवी मळकट काळा दिसणारा तो खडक रंगांनी उजळून निघतो. चित्राच्या डाव्या बाजूला ऑलिव्हिन या खनिजाचे मोठे दाणे आहेत. त्यांतला एक गडद निळा, त्याला खेटून असलेला गुलाबी, आणि दोन्हींतून वेड्यावाकड्या भेगा गेलेल्या. उजवीकडे प्लॅजिओक्लेज या दुसऱ्या खनिजाचे लांबट स्फटिक आहेत आणि त्यांच्यावर काळ्या-पांढऱ्या समांतर पट्ट्या इतक्या नेमक्या आहेत की कोणी पट्टी धरून आखल्या असाव्यात. यातला एकही रंग कोणी भरलेला नाही. स्फटिकात शिरलेल्या प्रकाशाचे दोन भाग होतात, ते वेगवेगळ्या गतीने जातात, आणि बाहेर पडून पुन्हा एकत्र येताना काही रंग एकमेकांना मारतात. उरतात ते आपल्याला दिसतात.

हे सगळे मला त्या विद्यार्थिनीच्या टिपणातूनच कळले, आणि तेही दीडशे शब्दांच्या आत. शेवटी तिने लिहिले आहे की चकती फिरवत गेले तर प्रत्येक दाणा दर काटकोनाला एकदा काळा पडतो आणि पुन्हा उजळतो, आणि दाणे इतके मोठे वाढले आहेत याचा अर्थ हा खडक भूपृष्ठाखाली खोलवर, फार सावकाश थंड झाला असला पाहिजे. म्हणजे रंग का दिसतो, आकार का असा आहे आणि त्यावरून संशोधकाला काय कळते, या तिन्ही गोष्टी आल्या. आदर्श टिपण कसे असावे हे पुढच्या वर्षीच्या स्पर्धकांना दाखवायचे असेल तर संयोजकांनी हेच नमुन्यादाखल द्यावे.

चित्राखालच्या ओळींवर मी इतका भर का देतो आहे, असे कोणी विचारील. त्याला विज्ञानाच्या इतिहासातलेच उत्तर आहे. इटलीच्या कामिल्लो गॉल्जी यांनी १८७३ मध्ये मज्जापेशी रंगवण्याची रौप्यक्षारांची पद्धत जाहीर केली. या पद्धतीत असंख्य पेशींपैकी अगदी मोजक्याच पेशी रंग धरतात, पण ज्या धरतात त्या फांद्यांसकट पूर्ण उठून दिसतात. स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहाल यांनी तीच पद्धत सुधारून वापरली आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे हाताने रेखाटले; ती रेखाटने आजही प्रदर्शनांतून मांडली जातात. दोघांसमोर दृश्य जवळजवळ सारखेच होते. गॉल्जींना त्यात एकसंध जाळे दिसले, काहाल यांना सुट्या, एकमेकींना चिकटलेल्या नसलेल्या पेशी दिसल्या. १९०६ चे नोबेल पारितोषिक दोघांना विभागून मिळाले, आणि ते स्वीकारताना दिलेल्या व्याख्यानातही गॉल्जी जाळ्याचीच बाजू मांडत होते. पुढे काहाल यांचे म्हणणे खरे ठरले. इतक्या दोन तयार डोळ्यांना एकाच दृश्यात दोन गोष्टी दिसू शकतात, तर प्रदर्शनाला आलेल्या माणसाला टिपणाविना काय दिसणार?

मेंदूचाच विषय निघाला आहे तर तिसऱ्या पारितोषिकाविषयी. एमआरआयवरून तयार केलेला मेंदूतील तंतूंचा आराखडा, काळ्या पार्श्वभूमीवर लाल, हिरव्या आणि निळ्या झुलपांसारखा पसरलेला. हे चित्र अशा बहुतेक स्पर्धांत कुठल्या ना कुठल्या रूपात असतेच, आणि त्याचे आकर्षण कमी होत नाही हेही खरे. इथे रंगांना ठरलेला अर्थ आहे: लाल म्हणजे डावी-उजवी दिशा, हिरवा म्हणजे पुढे-मागे आणि निळा म्हणजे वर-खाली. एवढे सांगितले असते तर दोन्ही अर्धगोलांना जोडणारा मधला पट्टा लाल का आहे हे शाळकरी मुलालाही उमगले असते. टिपणात त्याऐवजी ‘आपल्या विचारांच्या तारा’ असे म्हटले आहे, आणि ते नुसते अपुरे नाही, दिशाभूल करणारे आहे. यंत्राने तंतू पाहिलेले नसतात. मेंदूतील पाण्याचे रेणू तंतूच्या लांबीच्या दिशेने सहज आणि आडवे कष्टाने सरकतात. यंत्र ते सरकणे मोजते आणि त्यावरून तंतू कुठून कुठे जात असावेत याचा अंदाज संगणक रेषांनी काढतो. ज्या एका घनतुकड्यासाठी हे मोजमाप होते त्यात हजारो तंतू मावतात. चित्रातली रेषा म्हणजे तंतू नव्हे, तंतूंच्या दिशेविषयीचे एक अनुमान आहे. संशोधकाला हे अर्थातच ठाऊक आहे. त्याने ते प्रेक्षकाला सांगण्याचे टाळले.

बाकीच्या तांत्रिक चित्रांवर फार रेंगाळण्याचे कारण नाही. थेंब पाण्यावर आपटल्यावर उठणाऱ्या मुकुटाची चित्रे सफाईदार आहेत, पण हॅरल्ड एजर्टन यांनी १९५७ मध्ये दुधाच्या थेंबाचे जे छायाचित्र घेतले त्यापुढे नवे काही दाखवत नाहीत. गणिती समीकरणांतून निघालेल्या नक्षीचे एक चित्र आहे, ते भिंतीवर शोभते. हवेच्या प्रवाहाचे संगणकीय प्रतिरूप दाखवणाऱ्या दोन चित्रांत जुनी इंद्रधनुषी रंगपट्टी वापरलेली पाहून मात्र आश्चर्य वाटले. तिच्यातला पिवळा पट्टा इतरांहून भडक असल्यामुळे आकड्यांत काहीच उडी नसताना डोळ्यांना तिथे कड भासते, आणि लाल-हिरवा भेद ज्यांना करता येत नाही त्यांच्यासाठी ती निरुपयोगीच ठरते. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत असे सुमारे ८ टक्के लोक असतात. संशोधक आलेख काढायला जी मॅटप्लॉटलिब ही संगणकप्रणाली सर्रास वापरतात तिने २०१७ मध्ये आलेल्या २.० आवृत्तीपासून इंद्रधनुषी पट्टी मूळ निवडीतून काढून ‘विरिडिस’ ही समतोल रंगपट्टी आणली. माहितीचे चित्र साधे असूनही किती परिणामकारक होऊ शकते हे पाहायचे तर रेडिंग विद्यापीठाचे एड हॉकिन्स यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तापमानाच्या पट्ट्या पाहाव्यात: प्रत्येक वर्षाला एक उभी पट्टी, थंड वर्ष निळे, उष्ण वर्ष लाल, आकडा एकही नाही आणि तरी काय चालले आहे ते एका नजरेत कळते.

मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रे यांच्या प्रवेशिका जिन्याखालच्या कोपऱ्यात लावल्या आहेत. जागेची अडचण असेल असे समजून घ्यायची माझी तयारी होती, पण तिन्ही मुख्य पारितोषिके सूक्ष्मदर्शक आणि स्कॅनर यांच्याकडे गेली आहेत हे पाहिल्यावर तो निव्वळ योगायोग वाटेना. याच कोपऱ्यात मला प्रदर्शनातले सर्वांत वेगळे चित्र सापडले. एक साधी लाकडी खुर्ची, खिडकीतून येणारा तिरपा उजेड, खुर्चीच्या पाठीवर विसरलेला रुमाल, बस्स. फोनवर काढलेला फोटो, तांत्रिक करामत शून्य. टिपण सांगते की संशोधिका घरगुती हिंसाचारातून बाहेर पडलेल्या स्त्रियांच्या मुलाखती घेते, संशोधनाच्या नीतिनियमांनुसार त्यांची ओळख पटेल असे काहीही दाखवता येत नाही, चेहरा नाही, हात नाही, घर नाही, आणि म्हणून मुलाखत संपल्यावर जे दाखवणे शक्य होते तेवढे तिने दाखवले आहे. रुमालही तिचा स्वतःचाच आहे. टिपण झाकून हा फोटो पाहिला तर कोणीही दुसऱ्या क्षणी पुढे जाईल. टिपणासह पाहिला तर संशोधनात काय दाखवायचे नसते हेही संशोधनाचाच भाग आहे, हे जितक्या थेट कळते तितके नियमांच्या पुस्तकातून कळणार नाही. याला उत्तेजनार्थ पारितोषिक मिळाले आहे. आपल्याकडे उत्तेजनार्थ म्हणजे काय ते सांगायला नको.

फसलेल्या प्रयोगांनाही जागा दिली आहे, ही या स्पर्धेची जमेची बाजू. काचेवर बसवायचे एक पातळ लेपन वाळताना तडकले, त्याचे चित्र एका विद्यार्थ्याने पाठवले आहे. कोरड्या तळ्याच्या गाळाला पडाव्यात तशा भेगांचे जाळे संपूर्ण चित्रभर पसरले आहे. लेप सुकताना आकसू पाहतो, खालची काच त्याला धरून ठेवते, ताण वाढत जातो आणि शेवटी लेप तडकतो. भेगांकडे नीट पाहिले तर त्या कोणत्या क्रमाने पडल्या हेही वाचता येते: आधीची भेग सलग जाते आणि नंतरची तिला जवळपास काटकोनात येऊन थांबते, कारण पहिल्या भेगेने तिच्याशी आडव्या दिशेतला ताण आधीच सैल केलेला असतो आणि उरतो तो तिच्या समांतर दिशेतला. विद्यार्थ्याने हे लिहून झाल्यावर कोरडेपणाने नोंदवले आहे की लेप टिकला असता तर चित्र काढण्यासारखे काही उरले नसते. लोकपसंतीसाठी माझे मत मी याला दिले.

मांडणीविषयी काही तक्रारी आहेत, आणि त्यांतली एक गंभीर आहे. रचना बिघडते या सबबीवर संयोजकांनी बहुतेक चित्रांतील मापपट्ट्या कापून टाकल्या आहेत. सूक्ष्मदर्शकातून घेतलेल्या चित्राच्या कोपऱ्यात जी छोटी आडवी रेघ असते आणि तिच्यावर किती मायक्रोमीटर ते लिहिलेले असते, ती पट्टी काढली की समोरची वस्तू केसाहून बारीक आहे की तळहाताएवढी, हे कळायला मार्ग राहत नाही. झिंकची फुले, खडकाचे दाणे आणि लेपाच्या भेगा एकाच आकाराच्या फलकांवर शेजारी शेजारी लावल्यामुळे प्रेक्षक सगळ्यांना एकाच मापाचे समजतो. शोभेसाठी मापपट्टी कापणे म्हणजे नकाशातून प्रमाण पुसण्यासारखे आहे, आणि हा निर्णय एखाद्या सजावटकाराने नव्हे, विद्यापीठाने घेतलेला आहे.

टिपणांचे कागद लहान अक्षरांत छापून चित्रांच्या तळाशी, गुडघ्याच्या उंचीवर लावले आहेत. वयस्क प्रेक्षकांना ते वाकून वाचावे लागतात आणि बहुतेक जण वाचत नाहीत. चकचकीत कागदावर छापलेल्या गडद चित्रांत समोरच्या दिव्यांचे प्रतिबिंब पडते, त्यामुळे मेंदूचे चित्र तर एका बाजूला सरकूनच पाहावे लागते. लोकपसंतीची मतपेटी पहिल्या पारितोषिकाच्या फलकाला लागून ठेवणे आणि विजेत्यांची नावे मतदान संपण्याआधीच जाहीर करणे, हे दोन्ही प्रकार मतदानाला मारक आहेत.

परीक्षक मंडळात दोन छायाचित्रकार, एक प्राध्यापक आणि विद्यापीठाच्या जनसंपर्क विभागाचे एक अधिकारी होते, असे प्रवेशद्वाराशी लिहिले आहे. निकाल असा का लागला याचे बरेचसे उत्तर तिथे मिळते. छायाचित्रकाराने चौकट, प्रकाश आणि रंग पाहायचे हे स्वाभाविक आहे, आणि जनसंपर्क विभागाला वर्षभर भित्तिपत्रकांवर लावता येईल असे काहीतरी हवे असते हेही समजण्यासारखे आहे. मंडळात एखादा शाळाशिक्षक किंवा विज्ञानलेखक असता, आणि चित्र व टिपण यांना वेगवेगळे गुण द्यायची पद्धत असती, तर गॅब्रो आणि खुर्ची या दोघांनाही वरची जागा मिळाली असती असे मला वाटते. रंग भरले असल्यास तसे नमूद करणे आणि मापपट्टी ठेवणे, या दोन अटी नियमावलीत घालायला तर खर्चही नाही.

प्रदर्शन पाहावे का, तर अवश्य पाहावे, आणि हातात निदान दोन तास ठेवून पाहावे. धावत्या भेटीत फक्त रंग दिसतात. माध्यमिक शाळेतील मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी आधी खडकाच्या चित्रापाशी जावे आणि टिपण मोठ्याने वाचून दाखवावे, मग मुले इतर चित्रांनाही तेच प्रश्न विचारू लागतात. जिन्याखालचा कोपरा चुकवू नये. तिकडे जाणारा बाण खांबामागे दडलेला आहे. ज्यांना प्रत्यक्ष जाणे जमणार नाही त्यांच्यासाठी विद्यापीठाच्या संकेतस्थळावर चित्रे आहेत, पण तिथे टिपणे पहिल्या दोन ओळींनंतर तोडलेली आहेत. त्याऐवजी त्याच पानाच्या तळाशी असलेली प्रदर्शनाची पुस्तिका उतरवून घ्यावी. तिच्यात टिपणे पूर्ण छापली आहेत, आणि चित्रेही स्पर्धकांनी पाठवली तशीच, मापपट्ट्यांसकट आहेत.